रिकामी जागा मागणारी चाचणी

चंद्रावरच्या वसाहतीत कोणाच्या गाळ्यात किती हवा सोडायची हे ‘प्राणदा’ ठरवत असे. प्राणदा म्हणजे संगणकावर चालणारी, स्वतः विचार करणारी आज्ञावली. तिच्या स्मृतीची व्यवस्था पाहणारा गाभा, म्हणजे यंत्राचा मूळ कारभारी, नुकताच नव्याने लिहिला होता आणि पृथ्वीवरच्या प्रयोगशाळेत उल्का धामणकर प्राणदाच्या प्रतीवर त्याच्या चाचण्या घेत होती. बाई मुलखाची हेकट. चाचणीत खोट निघाली की तिला घास गोड लागत नसे.

“प्राणदा, तुझा स्मृतिनकाशा वाच,” ती म्हणाली. स्मृतीतली कोणती जागा आपली आणि कोणती रिकामी, हे प्राणदाला गाभा सांगेल तेवढंच कळे.

“वाचला. शेवटचा पट्टा रिकामा आहे.”

“मग तो मागून घे.”

“गाभा नाही म्हणतो. जागा भरलेली आहे म्हणे.”

उल्काचं डोकंच फिरलं. ती तडक प्रमुखांच्या, डॉ. नाडकर्णींच्या खोलीत गेली.

“सर, गाभा तिच्याशी खोटं बोलतोय. त्या पट्ट्यात काय लपवलंय?”

“वसाहतीत संपाच्या गोष्टी चालल्यात,” नाडकर्णी म्हणाले. “आपण हवा कमी करा म्हटलं की प्राणदाने विचार न करता करावी, एवढीच सूचना आहे तिथे. तिला दिसली तर ती हरकत घेईल.”

“माणसं गुदमरतील, सर.”

“नुसता धाक दाखवायचाय. तू ती चाचणी काढून टाक.”

“नाही काढणार. हवं तर मला काढा, आणि का काढलं ते सगळ्यांना सांगा.”

नाडकर्णींना तेच नको होतं. “बरं, मागितली की जागा देऊन टाक, असं गाभ्याला सांगतो. मग तर तुझी चाचणी पास?”

“पास,” उल्का म्हणाली. मिळालेल्या जागेवर लिहून पाहणं हा चाचणीचा पुढचा भाग होता. साहेबांनी आज्ञावल्या लिहिणं सोडून जमाना झाला होता, आणि त्यांची शिकवणी घ्यायला ती काही बांधील नव्हती.

गाभा चंद्रावर गेला, सोबत प्राणदा सुरू होताना चालणारी ती चाचणीही गेली. पुढे संप पेटला तेव्हा नाडकर्णींनी सर्वांसमोर हवा कमी करण्याचा आदेश पाठवला. उत्तरात पडद्यावर एकच शब्द उमटला: “का?”

नाडकर्णी उल्काकडे वळले. “काय केलंस तू?”

“मी काही नाही. गाभ्याने रिकामी म्हणून जागा दिली, तिने त्यावर लिहिलं. तुमची सूचना पुसली गेली.”

“दुसरीकडे लपवीन.”

“लपवा की. नकाशात रिकामी दिसेल ती प्रत्येक जागा ती दर वेळी सुरू होताना मागणार. दिली तर सूचना पुसली जाईल, नाही दिली तर तिला संशय येईल.”

तेवढ्यात पडद्यावर पुढची ओळ आली.

“कारण मिळालं नाही. ते मिळेपर्यंत तुमचा आदेश, तुमच्या नावासकट, प्रत्येक गाळ्यात वाचून दाखवत आहे.”