दोन हजार अकरा फरश्या

"सातने?"

"बाकी दोन!"

"अकराने?"

"नऊ उरले! याला भागच जात नाहीये!"

मामाच्या दारातल्या पायरीवर तिघं भागाकारांना भिडली होती. तिखट, तिची धाकटी बहीण पिटुकली आणि शेजारचा चष्मिस. सुट्टीत कुणी गणितं करतं का? पण आज कारणच तसं होतं.

मामाने वाचनालयाच्या नव्या हॉलमध्ये फरशी बसवली होती. माप इतकं चोख, की एकही फरशी कापावी लागली नाही. आल्या एकवीसशे, उरल्या पस्तीस. आणि सकाळी मुकादम म्हणाला, "मी मोजल्या. हॉलमध्ये दोन हजार अकराच आहेत. चोपन्न गायब! उद्यापासून येऊ नकोस."

"पस्तीस ओळी, ओळीत एकोणसाठ," मामाने परोपरीने सांगितलं.

"तू असंच म्हणणार!" मुकादमाने हॉलला कुलूप लावलं.

चोर ठरलेला मामा तेव्हापासून भिंतीकडे तोंड करून पडला होता. तिखटला ते बघवत नव्हतं.

"हॉल आयताकृती आहे," चष्मिस म्हणाला. "म्हणजे ओळी गुणिले ओळीतल्या फरश्या. मुकादमांच्या आकड्याला कशाने तरी भाग जायलाच हवा!"

तेरा, सतरा, एकोणीस करत ती त्रेचाळीसपर्यंत पोचली. छे!

"अजून किती?" पिटुकली कंटाळली.

"बास!" चष्मिस म्हणाला. "पंचेचाळीस गुणिले पंचेचाळीसच दोन हजार पंचवीस होतात. म्हणजे एक अवयव पंचेचाळीसहून लहान हवाच, आणि लहान तर सगळे संपले. ही मूळ संख्या आहे!"

"मग हॉल एकच फरशी रुंद!" पिटुकली खिदळली. "वाचायला एकामागे एक उभं राहायचं!"

तिघं धावत वाचनालयात गेली. मुकादम तिथेच होता. तिघांनी त्याला फरश्या परत मोजायला सांगितल्या.

"परत मोजायला वेळ नाही! मी स्वतः एकेक मोजलीय. गुणाकारात चुका होतात!"

"मग सांगा ना काका, ओळी किती?" तिखटने वही पुढे केली.

मुकादमाने वही बाजूला सारली. टेबलाशी बसलेल्या ग्रंथपालबाईंनी ती घेऊन नीट वाचली.

"मुलांचं बरोबर आहे. अख्ख्या फरश्यांचा आयत आणि आकडा मूळ संख्या? जमायचंच नाही!" त्यांनी किल्ली मागून घेतली.

तिखट एका भिंतीकडेने मोजत गेली, चष्मिस दुसऱ्या.

"पस्तीस!"

"एकोणसाठ!"

"दोन हजार पासष्ट," बाई म्हणाल्या. "आणि उरलेल्या पस्तीस. झाल्या की एकवीसशे!"

मुकादमाचा चेहरा पडला. "मोजताना मध्येच फोन आले..."

"फोन तुम्हाला आले, आणि चोर तो ठरला?" बाईंनी सुनावलं.

मुकादम स्वतः मामाच्या घरी आला, बाईही सोबत आल्या. "चुकलो रे. एकही फरशी कमी नाही."

"वरच्या मजल्याचं कामही तुम्हीच करायचं," बाई म्हणाल्या. "आणि पोरांनो, शाब्बास! कमाल केलीत!"

मामा उठून बसला. त्याचे डोळे भरून आले होते. तिघांना जवळ घेऊन तो म्हणाला, "उद्या चला माझ्याबरोबर. मोजायला माणसं लागतील मला."