मूठभर तूरडाळ

बिऱ्हाड बघायला येणारा माणूस आधी भाडं विचारतो, मग खिडक्या बघतो आणि शेजार कसा आहे ते जाता जाता हळूच काढून घेतो. दुसरी मोठी लढाई संपल्याला वर्ष उलटलं होतं. त्या पौषातल्या एका दुपारी नगरजवळच्या सावेडीत विष्णुपंतांच्या अंगणात सायकल टेकवून जो तरुण उभा राहिला, त्यानं यातलं काहीच केलं नाही. त्यानं टोपी काढली, कपाळ पुसलं आणि विचारलं,

"विहीर कुठं आहे?"

विष्णुपंतांची मुलगी नीलांबरी ओट्यावर गहू निवडत होती. तिनं मान वर केली.

"तहान लागलीय का? पाणी देते की."

"तहान... आहे. पण ती नंतर. आधी विहीर."

"विहीर भाड्यानं द्यायची नाहीये," ती म्हणाली. "खोल्या द्यायच्यात. त्या मागच्या बाजूला आहेत."

तो हसला नाही, पण कानाच्या पाळ्या मात्र लाल झाल्या. नीलांबरीला ते दिसलं आणि उगाचच बरं वाटलं. बाविसावं लागलं होतं तिला. आईच्या दुखण्यात चार वर्षं गेली, आई गेली, आणि तेवढ्यात लग्नाचं वय कधी निघून चाललं ते कुणाच्या ध्यानातच आलं नाही. अनोळखी माणसाची अशी थट्टा करण्याचं धाडस तिच्या अंगात कुठून आलं, ते तिचं तिलाच कळेना.

त्यानं स्वतः पोहरा सोडला, पाणी वर काढलं, ओंजळीत घेतलं. थोडा वेळ तोंडात घोळवलं. मग कोटाच्या खिशातून रुमालाची गाठ काढली. गाठीत मूठभर तूरडाळ होती.

"एवढी या पाण्यात शिजवून द्याल का? जिभेला फसवता येतं, डाळीला नाही येत."

आवाजानं विष्णुपंत बाहेर आले. ते पेन्शनीत निघालेले मास्तर. गावात दाटी फार म्हणून त्यांनी शहराबाहेर, मनमाड रस्त्याच्या कडेला हे घर बांधलं होतं आणि मागच्या दोन खोल्या भाड्यासाठी काढल्या होत्या. बिऱ्हाडं येत आणि सहा महिन्यांत जात. का जात, ते विहिरीला माहीत होतं.

तरुणानं आपली ओळख सांगितली. नाव शामकांत, गाव अकोले. महिन्यापूर्वी नगरच्या कलेक्टर कचेरीत कारकून म्हणून लागला होता आणि एका नातेवाइकाच्या माडीवर पथारी टाकून दिवस काढत होता. गावी आई एकटी होती. तिला आणायचं, तर आधी घर हवं.

"पाहिलीत किती घरं?" विष्णुपंतांनी विचारलं.

"पाच झाली. माळीवाड्यात एक खोली मिळत होती, कचेरी अगदी जवळ. पण शेजारच्यांनी फोडणी दिली की ठसका आपल्याला. भिंगारला घर हवेशीर आहे, पण पलटणीचा बिगुल पहाटेच उठवतो. आणि दोन्हीकडे डाळ दगडासारखी राहिली. केडगावला मात्र चांगली शिजली."

"मग केडगावचं का नाही घेतलंत?" आतून नीलांबरीनं विचारलं. तिनं चूल पेटवली होती.

"ते घर शेतात आहे. मी कचेरीत गेलो की आई दिवसभर भिंतींशी बोलणार. इथं..." तो थांबला. "इथं माणसं आहेत."

नीलांबरीनं आधणात डाळ सोडली. फुंकणीनं जाळ घातला. बाहेर नाना, म्हणजे तिचे वडील, अकोल्याच्या भातशेतीची चौकशी करत होते, आणि तो सांगत होता की तिकडे पाऊस चार महिने घरातून बाहेर पडू देत नाही. त्याच्या आवाजात एक मऊपणा होता. ऐकता ऐकता तिचा हात फळीवरच्या डबीकडे गेला, चिमूटभर पापडखार उचलला आणि डाळीत पडलासुद्धा.

रोजचीच सवय होती. त्या विहिरीच्या पाण्यात खाराशिवाय डाळ शिजतच नसे. आईही घालायची, आजूबाजूच्या साऱ्याच बायका घालायच्या. हात आपलं काम करून मोकळा झाला, आणि मग कुठं नीलांबरीच्या ध्यानात आलं, ही डाळ पाण्याची परीक्षा बघायला होती.

ओतून टाकता आली असती. 'अहो, चुकून खार पडला, दुसरी डाळ द्या,' एवढंच म्हणायचं होतं. पण त्याच्या रुमालात दुसरी डाळ नव्हती, आणि रेशनच्या दिवसांत कुणी दुसऱ्यांदा घेऊन आलं नसतं. तो सायकलवर बसून गेला असता. पुन्हा या रस्त्यानं कशाला येतो?

तिनं वाटी त्याच्यासमोर ठेवली. त्यानं एक दाणा बोटांत चिरडला. लोण्यासारखा गेला.

"शिजली!" तो म्हणाला, आणि लहान मुलासारखा हसला. "आईला पुढच्या शनिवारी आणायला जातो. तोवर खोल्यांना चुना मारून घेतो. चालेल ना?"

त्यानं विचारलं विष्णुपंतांना, पण पाहिलं तिच्याकडे. नीलांबरीनं मान हलवली. त्या होकाराचं ओझं तिला त्याच क्षणी जाणवलं होतं, हे खोटं नाही.

मग रोज संध्याकाळी कचेरी सुटली की सायकलची घंटा वाजायची. शामकांत धोतर खोचून भिंतींना चुना मारायचा. आखडलेल्या हातानं कलेक्टर कचेरीत काय लिहीत असेल, देव जाणे. नीलांबरी दारात उभी राहून चुका काढायची.

"त्या कोपऱ्यात राहिलंय."

"ते मुद्दाम ठेवलंय. उद्या यायला काहीतरी कारण हवं ना."

"उद्या यायला कारण लागतं?"

"लागतं... तुमच्या वडिलांना सांगायला."

ती पदर सारखा करत आत पळायची. त्यानं पाणी मागितलं की ती ताक आणून द्यायची. एकदा त्यानं विचारलंच, "तुमच्याकडे पाहुण्याला पाणी देत नाहीत का?" ती हसली खरी, पण रात्री तिला जेवण गेलं नाही. इतकं सुख आणि इतकी टोचणी एकाच वेळी कशी सोसायची, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

शेजारच्या मळ्यातली साळूबाई गुरुवारी भाजी घेऊन आली आणि खोल्या बघून दारातच थबकली.

"बिऱ्हाडू मिळाला म्हनं? डाळबी शिजली म्हनं?"

"हं."

"ह्या हिरीच्या पान्यात?" साळूबाईनं हनुवटीला बोट लावलं. "बाई गं! माजा जल्म गेला हितं, माजी कवा शिजली न्हाई ती. काय मंतर घातला गं?"

नीलांबरी टोपलीतली भाजी उचलू लागली. साळूबाई जुनं माणूस. तिनं पोरीच्या तोंडाकडे बघितलं आणि पुढं विचारलं नाही.

शुक्रवारी चुना संपला. शेवटचा हात मारून शामकांत उंबऱ्यावर बसला. त्याच्या केसांवर पांढरे शिंतोडे उडाले होते. नेहमीची थट्टा त्या दिवशी त्याच्या जिभेवर आली नाही.

"तुम्हाला हसू आलं असेल ना, त्या डाळीचं?"

"नाही... हो, थोडं."

"आईला मूतखड्याचा त्रास आहे. दिवाळीत तीन दिवस तळमळत होती. मी नुसता तिचे हात धरून बसलो होतो, दुसरं काय करणार? वैद्य म्हणाले, हिला जड पाणी चालायचं नाही. नगरला नेणार असाल तर ज्या पाण्यात डाळ शिजेल तिथंच घर घ्या. पुन्हा तसं दुखणं आलं तर निभावेलच असं नाही." त्यानं चुन्यानं माखलेले हात एकमेकांवर घासले. "म्हणून घरोघर डाळ घेऊन फिरलो. तुमचं घर मिळालं तेव्हा वाटलं, देवानंच..."

नीलांबरीला पुढचं ऐकू आलं नाही. सांगायचं राहूनच गेलं. तो उठला, "उद्या दुपारच्या गाडीनं जातो," म्हणाला आणि गेला. जाताना वळून पाहिलं, तेही तिला नीटसं दिसलं नाही.

रात्रीचं जेवण झाल्यावर तिनं नानांना सगळं सांगितलं. विष्णुपंतांनी चष्मा काढून खाली ठेवला.

"मलाही विहीर ठाऊक होती," ते म्हणाले. "मास्तरकीत जन्म गेला, आणि एका पोराला खरं सांगायला तोंड उघडलं नाही. मला वाटलं, मुलगा चांगला आहे, तुझं..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "खार तुझ्या हातून पडलाय, नीलू. सांगायचं तर तूच सांग. तो पुन्हा आला नाही तर मी तुला बोल लावणार नाही."

शनिवारी दुपारी नीलांबरी मनमाड रस्त्याच्या कडेला उभी राहिली. सोबतीला साळूबाई होती. लांबून प्रवाशांची सर्व्हिस गाडी आली. पेट्रोलच्या टंचाईत कोळशाच्या गॅसवर चालणारी, मागे भट्टी, धूर आणि धूळ. नीलांबरी सरळ रस्त्याच्या मधोमध गेली आणि दोन्ही हात वर केले.

गाडी करकचून थांबली. बन्सी ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढलं. "बाई, मरायचं हाय का? लौकर बसा! इंजान बंद पडलं तर समद्यांना उतरून ढकलावं लागंल!"

"बसायचं नाहीये मला."

खिडकीत शामकांत दिसला. दचकलेला, आणि मग हसणारा. ते हसू तिला बघवेना. ती खिडकीशी गेली. गाडीतली सगळी माणसं माना वाकडी करून बघत होती.

"आईंना इथं आणू नका," ती म्हणाली. "आमच्या विहिरीचं पाणी जड आहे. त्या दिवशी डाळीत मी पापडखार घातला होता. हात चुकून गेला... पण नंतर मला कळलं होतं. कळूनही मी गप्प बसले."

शामकांतचं हसू विरत गेलं.

"का?" त्यानं विचारलं.

एवढ्या माणसांत काय सांगायचं? पण आता लपवण्यासारखं तिच्याकडे काही उरलं नव्हतं.

"तुम्ही परत गेला असता म्हणून."

गाडीत कुणी खोकललं. मागच्या बाकावरची एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "खरं बोलती हो पोरगी!" बन्सीनं वैतागून भोंगा दाबला. शामकांत तिच्याकडे नुसता बघत राहिला. गाडी धूर सोडत निघून गेली. साळूबाईनं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोघी घरी आल्या.

त्यानंतर पंचवीस दिवस गेले. एक चिठ्ठी नाही, निरोप नाही. बाजारातून आलेल्या कुणी सांगितलं की कचेरीतल्या त्या नव्या कारकुनानं केडगावला बिऱ्हाड केलं. "बरं झालं," नीलांबरी म्हणाली, आणि ते तिनं मनापासून म्हटलं. मग आत जाऊन रडली, तीही मनापासून.

रथसप्तमीच्या दिवशी ती अंगणात रांगोळी काढत होती. समोर सावली पडली. शामकांत चालत आला होता, पायांवर धूळ होती.

ती उठून उभी राहिली. रांगोळीची बोटं पदराला पुसली.

"आई कशा आहेत?"

"बरी आहे. दुखलं नाही पुन्हा." तो थांबला. "पण रागावलीय."

"रागावणारच." तिची मान खाली गेली. "माझी चूकच तशी आहे."

"तुमच्यावर नाही, माझ्यावर रागावलीय. म्हणाली, पोरीनं भर रस्त्यात गाडी अडवून खरं सांगितलं, आणि तू खिडकीत दगडासारखा बसून राहिलास? रोज विचारते, गेलास का? आणि मी रोज नाही म्हणतो."

"का नाही म्हणत होता?"

शामकांतनं टोपी काढून हातात घेतली. "राहुरीपर्यंत मला राग होता, खोटं कशाला बोलू? आईच्या जिवाशी खेळ झाला असता. कोल्हारला गाडी प्रवरेकाठी थांबली, तेव्हा राग शोधला, तर सापडेना. राहिलं होतं ते वेगळंच. आता तुमच्या घरी यायला मला काही निमित्त उरलं नाही, एवढंच मनात येत होतं... अकोल्यापर्यंत तेच." त्यानं तिच्याकडे पाहिलं. "आजही निमित्त नाही. मी तुम्हाला मागणी घालायला आलोय. केडगावच्या घरात तुम्ही याल का?"

नीलांबरीला वाटलं, आत्ताच्या आत्ता हो म्हणावं. पण आत नानांच्या खोकल्याचा आवाज आला. पहाटेचं आधण, रात्रीचं औषध, चष्मा हरवला की शोधून देणं, हे सगळं एकदम तिच्यासमोर उभं राहिलं. आई गेल्यापासून त्या घरात दोघांशिवाय कुणी नव्हतं.

"मला..." ती दाराकडे वळली. "मला नाही जमायचं. मी गेले तर नाना एकटे..."

"नीलू," आतून विष्णुपंतांचा आवाज आला. ते दाराशी आले नाहीत. आवाज मात्र वर्गात असायचा तसा खणखणीत होता. "मी एकटा राहीन, हे कारण त्याला सांगू नकोस. ते माझं आहे, मी बघून घेईन. तुझं स्वतःचं दुसरं काही कारण असेल तर सांग."

नीलांबरीनं डोळे मिटले आणि खरोखरच शोधलं, अगदी मनाच्या तळापर्यंत जाऊन शोधलं.

दुसरं कारण नव्हतं.