शेवटच्या घरापुढचा शेजार

आईच्या गुडघ्यांनी घाटकोपरचे चार मजले चढायला साफ नकार दिला, तेव्हा मी तळमजल्याची जागा शोधायला लागलो. मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी एका जुन्या इस्टेटीवर माळ्यांसाठी बांधलेली घरं अजून उभी आहेत. त्यातलं शेवटचं रिकामं होतं, आणि भाडं इतकं कमी की मला आधी संशयच आला. जुन्या इमारतींची दुरुस्ती करणारा आर्किटेक्ट आहे मी. स्वस्त घर दिसलं की कुठे पाणी मुरतंय ते हुडकायची मला खोड आहे.

पाणी कुठेच मुरत नव्हतं. काळ्या दगडाचं जोतं, हातभर जाड भिंती, वर मंगलोरी कौलं, ओटीच्या वळचणीला लाकडी झालर. घरं एकमेकांना चिकटून, एका ओळीत. एका टोकाला भाऊरावांचं किराणा दुकान, घरांच्या किल्ल्याही त्यांच्याकडेच; दुसऱ्या टोकाला आमचं घर. आणि दोन घरांमधल्या प्रत्येक भिंतीत, स्वयंपाकघरात ओट्याच्या उंचीवर, झडप असलेली एक छोटी खिडकी.

"या कशाला?" मी भाऊरावांना विचारलं.

"पावसात बायकांना बाहेर पडायला नको म्हणून. दुकानातून पुडी आत द्यायची, ती घरोघर पुढे जाते. आपली असेल तर ठेवायची, नसेल तर पुढे द्यायची." ते माझ्याकडे न बघता बोलत होते. "कोणाची ते विचारायचं नाही."

बांधणाऱ्याचं मला कौतुक वाटलं. भाऊरावांचं मात्र काही पटलं नाही. गिऱ्हाइकाच्या नजरेला नजर न देणारा वाणी मला आवडत नाही.

आई खूश होती. शेजारच्या सगुणाशी तिच्या खिडकीतून गप्पा सुरू झाल्या. एका दुपारी मी घरी असताना सगुणाकडून गुळाची पुडी आली. आईने ती घेतली, लंगडत समोरच्या भिंतीकडे गेली आणि फडताळाशेजारची झडप उघडून आत ठेवली.

"तिकडे कोणाला देतेस?"

"पुढच्यांका."

"आई, आपलं घर शेवटचं आहे."

"आसांदे. आपली नाय ती पुढे देवची."

मी बाहेर जाऊन बघितलं. त्या भिंतीला बाहेरून खिडकी नव्हती. सलग दगड, सांध्यांतला चुनाही जुनाच. पलीकडे करवंदीच्या जाळ्या आणि डोंगर. आत येऊन झडप उघडली तर पुडी गायब. मी सरळ हिशेब केला: भिंत आतून पोकळ असणार आणि कोणीतरी आमच्या नाकावर टिच्चून माल लांबवत असणार. भाऊरावांवर माझा दाट संशय होता.

मी मोजायची टेप आणली आणि तिचं टोक झडपेतून आत सरकवलं. हातभर जाऊन ते दगडाला टेकायला हवं होतं. टेप जात राहिली. मग थांबली, आणि हलकेच ताणली गेली.

हा ताण मी ओळखतो. साइटवर एकजण टेपचं टोक धरतो, दुसरा आकडा वाचतो. टेपला झोळ पडू नये म्हणून टोक धरणारा जेवढी ओढतो, तेवढीच ती ओढली गेली होती. मी आकडा वाचायची तिकडे कोणीतरी वाट बघत होतं.

मी टेप सोडून दिली. घाबरलो होतो, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

"भित्तीत हात घालून काय करतंस, सुबोध?" आई म्हणाली. "लोका बरी आसत. परवा मी घावणे दिले, तर वाटी भरून परत इली."

"कशाने भरून?"

"लाल तांदळाचो भात. माझ्या आजोळच्यासारखो. बरो लागलो. रिकामी वाटी कोण परत देता काय?"

सगुणाची खिडकी उघडीच होती. तिच्याकडचा भांडी घासायचा आवाज थांबला.

"काकी, तुम्ही घरचं काही दिलंत?"

"मगे? शेजारी नाय ते?"

"आम्ही आलेलं पुढे देतो फक्त. आपल्या चुलीवरचं कोणी देत नाही." सगुणा खिडकीत आली नाही, नुसता आवाज आला. "दिलं की घरोबा होतो ना."

"झाला तर काय?" मी विचारलं.

तिने झडप लावून घेतली.

त्याच संध्याकाळी मी फडताळाशेजारच्या झडपेवर फळी ठोकली आणि आईला घाटकोपरला परत न्यायचं ठरवलं. आई चिडली. त्यांची वाटी भरून आली, आता पाळी आपली, तसंच निघून जाणं शोभतं का, हे एकच पालुपद. मी ऐकलं नाही. किल्ली द्यायला दुकानात गेलो तर भाऊरावांनी हात पुढे केला नाही.

"काकींनी तिकडचं खाल्लं का?"

"खाल्लं."

ते पुडी बांधत राहिले. मी किल्ली गल्ल्यावर ठेवून निघालो.

आमच्या इमारतीतल्या लोकांनी आईला खुर्चीत बसवून वर नेलं. घरी आल्यावर ती निवळली. वाटीचं नावही काढेना. मला हायसं वाटलं.

आज दुपारी मी ऑफिसमधून लवकर आलो. घरभर घावण्यांचा वास होता. आई बाहेर जायची साडी नेसून, चपला घालून, स्वयंपाकघरात भिंतीसमोर खुर्चीवर बसली होती. मांडीवर झाकलेली वाटी.

"कुठे निघालीस? जिने कशी उतरणार?"

"जिने कित्याक? शेजारी तर जातंय. बोलावणा इला."

त्या भिंतीशी आमची इमारत संपते. पलीकडे काही नाही. चार मजले खाली रस्ता.

मी तिचा हात धरला. तिने तो हळूच सोडवून घेतला.

मग भिंतीकडे बघून तिने मान हलवली, कोणी आतून काही विचारावं तशी.

"इलंय, इलंय," ती म्हणाली, आणि गुडघ्यांना हात न लावता उभी राहिली.