डिस्क बदलून मिळेल

"डिस्क बदलून मिळेल. वॉरंटीत आहे, एक पैसा लागणार नाही," काउंटरपलीकडचा तंत्रज्ञ म्हणाला. "फक्त... जुनी कंपनीला परत जाते. आतलं काही मिळत नाही."

"मग राहू दे. मला नवी नको."

त्याने पहिल्यांदाच मान वर केली. या वाक्यावर लोक भांडतात किंवा गयावया करतात. ही मुलगी लॅपटॉप छातीशी धरून सरळ नकोच म्हणत होती.

"आत आहे तरी काय?"

"अक्षरं."

लहान मुलांच्या पहिल्या पुस्तकासाठी ती नवा फॉन्ट घडवत होती. दीड वर्ष एकेक अक्षर हाताने काढलेलं, आणि सोमवारी सगळं प्रकाशकाकडे द्यायचं.

"दुसरी प्रत?"

"आहे ना... याच डिस्कवर."

त्याने ओठ घट्ट मिटले.

"हसा, हसा. मीसुद्धा हसले असते."

तो हसलाच. मग डिस्क काढून बाहेरून जोडली. दहा मिनिटं पडद्यावर दिसली, तापली आणि गायब झाली.

"उघडली तर सील तुटेल, वॉरंटी गेली," तो म्हणाला. "न उघडता करायचं तर थोडं उतरवून घ्यायचं, थंड होऊ द्यायची, पुन्हा जोडायची. दोन-तीन दिवस कुणीतरी इथे बसायला हवं. माझ्याकडे अकरा लॅपटॉप रांगेत आहेत."

"मी बसते. काय करायचं ते दाखवा."

ती खरंच बसली. सकाळी दुकान उघडलं की हजर! "आता तिथेच बिऱ्हाड थाट," आई फोनवर म्हणाली. छोटा पंखा डिस्कवर भुरभुरत राही आणि पडद्यावर एकेक अक्षर उतरे. तो येता-जाता डोकावायचा. मग येता-जाता जरा जास्तच डोकावायला लागला.

"हा 'ळ' कुणावर रुसलाय का?"

"नाही. लाजलाय."

"कुणाला बघून?"

"ते त्यालाच विचारा..." ती म्हणाली आणि नजर पडद्यावरून हलवली नाही. पण कान तापले, डिस्कपेक्षा जास्त.

तिसऱ्या दिवशी जोडाक्षरं तेवढी उरली आणि डिस्क जी गायब झाली, ती येईचना. पंधरा मिनिटं. अर्धा तास.

"'त्र' मी सतरा वेळा काढला होता," ती हळूच म्हणाली. इतक्या दिवसांत तिचा आवाज पहिल्यांदा पडला.

त्याने हातातलं काम बाजूला ठेवलं. केबल बदलली. डिस्क पालथी करून पाहिली. चौथ्या खेपेला पडद्यावर डिस्कचं चिन्ह उमटलं. दोघांचे हात एकदमच माउसकडे गेले. त्याचा हात तिच्या हातावर पडला... आणि शेवटचं अक्षर उतरेपर्यंत दोघांनीही काढला नाही.

जुनी डिस्क कंपनीकडे गेली. सोमवारी भावाच्या लॅपटॉपवरून तिने काम पाठवलं. आणि पुढच्या आठवड्यात, शुक्रवारी, त्याचा फोन आला आणि ती दुकानात पोचली.

नवी डिस्क बसवून त्याने फॉर्म पुढे सरकवला. तिने सही केली. तरी लॅपटॉप त्याच्या हातातून सुटेना.

"एक सांगायचं होतं," तो म्हणाला. "डिस्क... मंगळवारीच आली होती. फोन केला की तुम्ही येणार, घेऊन जाणार... म्हणून धीर होत नव्हता."

"मला माहितीये. कंपनीचा मेसेज मलाही येतो. मंगळवारीच आला."

"मग आला का नाहीत?"

"बघत होते, किती दिवस अडवून धरताय ते."

"आणि?"

"आणि तीन दिवस फार झाले!" तिने सरळ त्याच्या डोळ्यांत पाहिलं. "मला तू आवडतोस. उद्या संध्याकाळी माझ्याबरोबर फिरायला येशील?"

त्या 'तू'ने तो जागच्या जागी थिजला. "पुन्हा... म्हणा?"

"म्हणा नाही. म्हण."

"पुन्हा म्हण."

तिने म्हटलं, या वेळी जरा मोठ्याने. मागे प्रिंटर कवटाळून उभ्या असलेल्या काकूंना राहवलं नाही. "अहो, हो म्हणा की लवकर! हात भरून आले माझे."

"हो," तो म्हणाला. बोलला काकूंनंतर, पण बघत होता तिच्याकडेच.