कोणती प्रत ठेवायची?

दिवा राहू द्या. त्या हार्ड डिस्कला मी कुणाला हात का लावू देत नाही, ते विचारलंत म्हणून सांगतो.

मी छापखान्यात कामाला. पानं लावायची, तपासायची, छपाईला सोडायची. आमच्याकडे जुनी शिस्त आहे, एकच प्रत असेल तर ती नाहीच असं धरायचं. त्यामुळे आमचा पिटू सहाव्या वर्षी तापाने गेला, तेव्हा त्याचे सगळे व्हिडिओ मी दोन डिस्कवर ठेवले. एक घरी, एक छापखान्यातल्या माझ्या लोखंडी कपाटात. दर रविवारी कपाटातली घरी आणायची, दोन्ही कॉम्प्युटरला जोडायच्या, की प्रोग्रॅम दोन्हीकडचं सारखं करून द्यायचा. बाप म्हणून करण्यासारखं दुसरं उरलं तरी काय होतं?

घरची डिस्क बायकोच्या ताब्यात. हातातली कामं आटोपली की पडदे ओढून ती बघत बसायची. मी कधी अडवलं नाही. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

एका रविवारी जेवताना ती सहज म्हणाली, "आज तो थोडा पुढे आला."

"कोण?"

"पिटू. पॅसेजमधला..."

तो व्हिडिओ मला पाठ होता. पॅसेजच्या टोकाकडून पिटू पळत येतो, मध्येच बुटाची नाडी सुटते, तो थांबून खाली बघतो आणि संपतं. म्हटलं, मन खेळ करतंय बिचारीचं.

दुपारी डिस्क जोडल्या. प्रोग्रॅम एरवी निमूट काम करतो, त्या दिवशी अडला. एका व्हिडिओच्या दोन प्रती जुळत नाहीत, घरची मोठी आहे. कोणती ठेवायची?

मी घरची लावली. पिटू पळत आला, थांबला, खाली पाहिलं. व्हिडिओ संपला नाही. त्याने हळूच मान वर केली. समोर नाही, किंचित बाजूला. माझ्या शेजारी बायको बसली होती, तिच्याकडे.

"आई... कधी येतेस?"

खोलीत तापाच्या औषधाचा गोडसर वास पसरला. ती बाटली मी माझ्या हाताने टाकली होती.

"बंद नका करू," बायको म्हणाली. ती हसत होती. कित्येक महिन्यांनी. त्या हसण्याचीच मला जास्त भीती वाटली. पोर गेलं होतं, आता ही पण जाणार असं वाटलं.

ती पाणी प्यायला आत गेली आणि मी जुनी प्रत निवडली. डिस्क थोडा वेळ घरघरली, मग गप्प झाली. दोन्हीकडे पुन्हा सारखं.

संध्याकाळी ती पडद्याआडून बाहेर आली. आवाज चढवला नाही.

"परत पाठवलंत त्याला?"

"अगं, तो गेलाय."

"मला काय माहीत नाही? दारापर्यंत आला होता हो..."

त्यानंतर तिने मनच काढून घेतलं. ताट पुढे ठेवलं तर दोन घास, नाहीतर तेही नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय कमजोर आहे. असेल. थंडी सरायच्या आत ती गेली. मी उशाशी होतो. शेवटचं तिने माझ्याकडे नाही, दाराकडे पाहिलं.

मग एक दिवस मला तिचा चेहरा बघावासा वाटला. घरची डिस्क सुरूच होईना. छापखान्यात गेलो, कपाट उघडलं. किल्ली माझ्याकडेच असते, त्या रविवारनंतर मी ती डिस्क बाहेर काढली नव्हती. भर दुपार होती, शेजारी मशिनं धडधडत होती. एकेक व्हिडिओ उघडत गेलो. पिटूच पिटू. ती कशातच नाही. कॅमेरा कायम तिच्याच हातात असायचा, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. मागून नुसतं हसणं ऐकू यायचं.

शेवटी पॅसेजचा लावला. पिटू पळत आला, थांबला, खाली पाहिलं. आणि बाजूच्या दारातून ती आली. अंगात शेवटच्या दिवसांतला राखाडी स्वेटर. तिने त्याचा हात धरला. दोघं पाठ फिरवून पॅसेजच्या टोकाकडे चालू लागली.

मी हाक मारली. मशिनच्या आवाजात, वेड्यासारखी. तिने वळून पाहिलं नाही. मी तिथेच बसून रडलो. निदान दोघं एकत्र आहेत, एवढं तरी म्हणता आलं असतं...

पण ती तर समोर चालत होती. आणि कॅमेरा हलत होता. त्यांच्या मागून एकेक पाऊल टाकत येत होता. जवळच कुणाचा तरी जड श्वास ऐकू येत होता.

पिटूने एकदा मागे पाहिलं. मग आईच्या हाताला गच्च बिलगून तो भराभर चालायला लागला.