एका हाताने बांधलेली भेट

“तुम्ही नको. मी स्वतः बांधणार.”

मी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. मातृदिनाच्या आदल्या दिवशी, भेटवस्तू कागदात बांधून देणाऱ्या आमच्या दुकानात असं कुणी म्हणत नाही. सगळे ओरडत असतात— इनास, माझं आधी! इनास, मला लाल रिबन! सकाळपासून उभी राहून माझे पाय सुजले होते. कागदाच्या कडांनी बोटांना बारीक चिरा पडल्या होत्या. बाहेर समुद्रावरून आलेला पाऊस रमल स्टेशनच्या ट्रामना झोडपत होता.

“उस्ताद, मागे रांग बघा,” मी म्हटलं. “द्या इकडे. चुटकीसरशी करते.”

“चुटकी मलाही वाजवता यायची,” तो म्हणाला. “आता नाही येत.”

तेव्हा कुठे मी पाहिलं. भिजलेले केस, चष्म्यावर थेंब, ओठांवर हसू... आणि उजव्या हाताची बोटं अर्धवट मिटलेली, लुळी. डाव्या हाताने त्याने काउंटरवर लोकरी सपातांचा जोड ठेवला.

“आईसाठी. घरी बांधायला बसलो की कागद पळतो. कागद धरेपर्यंत सपाता पळतात. आणि दोन्ही धरेपर्यंत बहीण पळत येते नि सगळं हिसकावून घेते. म्हटलं, दुकानात तरी कुणी हिसकावणार नाही.”

रांगेतली एक बाई हसली. मला हसायचंही त्राण नव्हतं. काउंटरचा कोपरा मोकळा करून दिला. त्याने कागद पसरला, तो सरकला. त्याने कोपराने दाबला, तर फाटला. दुसरा घेतला. चिकटपट्टी दातांनी तोडली, ती त्याच्याच अंगठ्याला चिकटली. मागे कुजबुज सुरू झाली. गल्ल्यावर बसलेल्या आमच्या मालकीणबाई, मादाम ओदेत, चष्म्यावरून बघत म्हणाल्या, “इनास, आज दुकान यांच्यासाठीच उघडलंय का?”

आणि मी हिसकावलं.

भराभर घड्या, पट्ट्या, घट्ट गाठ, वर रिबनचं फूल. झालं. तो बघत होता. हसू ओठांवर तसंच होतं, डोळ्यांतलं मात्र गेलं होतं.

“सुंदर,” तो हळूच म्हणाला. “आईला सांगेन, दुकानातल्या मुलीने पाठवलंय.”

काचेचं दार ढकलून तो पावसात गेला. मी पुढचं गिऱ्हाईक घेतलं. काय करणार?

घरी आई वाट बघत होती. तिला संधिवात आहे; बोटं अशी आखडतात की चमचाही धरवत नाही. कितीतरी वर्षं तिची वेणी मी घालते, तिच्या झग्याची बटणं मी लावते. त्या संध्याकाळी बटणाला हात घातला, तर तिने माझं मनगट धरलं.

“मला लावू दे ना गं कधीतरी.”

“आई, मी दमलेय. पटकन होऊन जाऊ दे.”

तिने हात काढून घेतला. तोंड भिंतीकडे वळवलं. आणि मला तो आठवला... चष्म्यावरचे थेंब आठवले.

सुटीच्या दिवशी मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले, उजवा हात ॲप्रनच्या खिशात कोंबला आणि साखरेचा डबा बांधायला घेतला. काय वैताग! पहिला कागद मी चोळामोळा करून फेकला. आई दारात उभी राहून खुसखुसत होती.

“खाली ओलं फडकं घाल,” ती म्हणाली. “मी कांदा चिरताना घालते तसं. फळी हलत नाही मग.”

“तू कधी कांदा चिरतेस?”

“तू दुकानात असतेस तेव्हा.”

मी तिच्यासाठी खुर्ची ओढली. मग आम्ही दोघी बसलो. डब्याखाली ओलं फडकं, कागदाची एक कड टेबलालाच चिकटवलेली, दुसरीवर वरवंटा. चिकटपट्टीचे तुकडे आधीच कापून टेबलाच्या काठाला लटकवलेले, प्रत्येकाचं टोक दुमडलेलं, म्हणजे उघडणाऱ्याची बोटं अधू असली तरी ओढता येईल. गाठ नाहीच, रिबनचा मोठा फास, नुसता वरून सरकवायचा. आईने एक पुडकं बांधलं. वेडंवाकडं. ते तिने उशाशी ठेवलं, आत काहीही नसताना.

एप्रिलमध्ये तो परत आला. काखेत रंगांची पेटी होती.

“भाचीचा वाढदिवस,” तो म्हणाला. “आज हिसकावणार?”

“नाही. आज मी बसणार. हात मांडीखाली घालून.”

काउंटरच्या टोकाला मी रबरी चटई अंथरली, कागदाची कड चिकटवली, पट्ट्या लटकवल्या आणि खरोखरच हात मांडीखाली घालून स्टुलावर बसले. त्याने आधी चटईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. सावकाश, मुठीच्या पाठीने दाबत दाबत त्याने घडी घातली. माझे हात मांडीखाली नुसते वळवळत होते...

“कोपरा कललाय,” मला राहवलं नाही.

“भूगोलाचा मास्तर आहे मी. पृथ्वीसुद्धा कललेलीच आहे, तिचं कुठे अडलंय?”

मी हसले. त्या आठवड्यात पहिल्यांदा.

त्याचं नाव रऊफ. मिनीबसच्या अपघातात हाताच्या नसा गेल्या होत्या. फळ्यावर आता तो डाव्या हाताने लिहायचा. मंगळवारी दुपारी दुकान ओस असतं, तेव्हा तो यायला लागला. पुढे त्याच्याबरोबर दवाखान्यात हातांच्या व्यायामाला जाणारे लोक यायला लागले. थरथरत्या हातांच्या एक निवृत्त बाई, पक्षाघातातून उठलेला एक कोळी. बायकोसाठी कानातले बांधताना तो कोळी सगळ्यांदेखत रडला. मादाम ओदेत आधी कुरकुरल्या, मग म्हणाल्या, “उभ्याने काय बांधताय? खुर्च्या आणा की!”

आणि रऊफ? त्याला आता मदत लागत नव्हती. तरी यायचा.

“आज काय बांधायचंय?” मी विचारायची.

“आज काहीच नाही. आज नुसता कललेला आहे.”

“दुकानात फुकट उभं राहता येत नाही, उस्ताद.”

“मग एक मीटर रिबन द्या. हळूहळू मोजा.”

मे महिन्यात एकदा तो मला समुद्राकाठाने ट्रामपर्यंत सोडायला आला. वारा पडलेला होता. कठड्याशी थांबून, समुद्राकडे बघत तो म्हणाला, “इनास... माझ्याशी लग्न करशील?”

किती वाट पाहिली होती मी या प्रश्नाची! आणि तोंडातून निघालं भलतंच.

“रऊफ, मी दमलेय. दिवसभर दुकान, घरी आई. उठल्यापासून निजेपर्यंत कुणा ना कुणाचं करतेय. आणखी एक माणूस सांभाळायची ताकद नाही माझ्यात.”

त्याचा चेहरा पांढरा पडला. पण आवाज चढला नाही.

“रास्त आहे,” तो म्हणाला. “तुझी ट्राम आली बघ.”

पुढच्या मंगळवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. खुर्च्या भरलेल्या असायच्या, तरी दुकान ओकंबोकं वाटायचं. आईला सगळं सांगितलं. झग्याची बटणं लावता लावता ती ऐकत होती. हो, आता तीच लावते; वेळ लागतो, लागू दे.

“खोटं बोललीस?” तिने विचारलं.

“नाही गं. खरंच दमलेय.”

“मग बरं केलंस. तो खरंच शहाणा असेल, तर रागावला नसेल. विचार करत असेल.”

शुक्रवारी दुपारी दारावर थाप पडली. मी भांडी घासत होते. आईने दार उघडलं. बसबूसा मिठाईचा खोका काखेत धरून रऊफ उभा होता. इस्त्रीचा सदरा, तांबारलेले कान.

“काकू, मी इनासचा हात मागायला आलोय,” तो दारातूनच म्हणाला. मग आवाज ऐकून बाहेर आलेल्या माझ्याकडे वळला. “पण कामाला नाही. माझी कामं माझ्या हातांनी होतात, वेळ लागतो एवढंच. तू म्हणालीस, आणखी एक माणूस सांभाळायचं नाही. बरोबर आहे. मी घरी जाऊन विचार केला— हिला कोण सांभाळतं?”

हातांना साबण तसाच होता.

“बस,” तो म्हणाला. “चहा मी करतो.”

“अरे, पाहुणा स्वयंपाकघरात?” आई ओरडली. “लोक काय म्हणतील!”

“लोकांनाही देतो, काकू. साखर कुठे आहे?”

मी बसले. स्वयंपाकघरातून झाकण पडल्याचा आवाज आला, मग त्याचं पुटपुटणं, मग आईचं “अरे, वरच्या फळीवर!” आणि दोघांचं हसणं. माझं सगळं अंग उठायला बघत होतं. पण खुर्ची मऊ होती, खिडकीतून ऊन येत होतं, आणि कितीतरी वर्षांत माझ्यासाठी कुणी चहा ठेवला नव्हता. डोळे मिटले.

चहा यायला खूप वेळ लागला. अर्धा बशीत सांडलेला, कोमट. तो समोर उभा राहिला, श्वास रोखून.

मी घोट घेतला.

“साखर कमी आहे.”

“म्हणजे... नाही?”

“म्हणजे रोज करशील, तर जमेल हळूहळू.”