वर काय हाय, भाऊ?

गेल्या वर्षी मे महिन्याच्या तेरा तारखेला माझा शेजारी हिरामण नाशिकला टरबुजं विकून मोटारसायकलवर परतत होता. आभा पोरी, तो मोबाईल खाली ठेव, मग पुढचं सांगतो. गावगप्पा नाहीत ह्या.

आपली नदी इथल्या डोंगरातून निघते आणि वीस-बावीस किलोमीटरवर गोदावरीला मिळते. वर पाऊस झाला की दोन तासांनी खाली लोंढा येतो, मग खाली लख्ख चांदणं का असेना. खाली पात्रातल्या वाळूत सलाउद्दीनची टरबुजाची वाडी होती. तिथंच खोपटात झोपायचा बिचारा. पण झोपण्याआधी इथं वर हिरामणला फोन करायचा.

"वर काय हाय, भाऊ?"

"कोरडं हाय, झोप." नाहीतर, "पाणी निघालं, ऊठ."

अकरा वर्षं हे चाललं. मग हिरामणला ती वाळू आपल्याला हवी असं वाटू लागलं. गेल्या वर्षीच्या आदल्या साली, मेच्या तेरा तारखेलाच, डोंगरावर अवकाळी कोसळत होता, आणि हा फोनवर म्हणाला, "कोरडं हाय, झोप." वेल जातील, माणूस पळेल, असं त्याला वाटलं. सलाउद्दीन पळाला नाही. याच्या शब्दावर झोपला होता तो.

मित्र होता हिरामण माझा. तरी सांगतो, केसानं गळा कापला त्यानं. त्या वाळूत पुढच्या हंगामात स्वतः टरबुजं लावली.

तीच विकून येत होता. रात्रीचे अकरा वीस. फरशी पुलावर फोन वाजला. सलाउद्दीनचा नंबर. तो फोन तर त्याच्यासोबतच पुरात गेलेला...

"वर काय हाय, भाऊ?"

खाली नदी कोरडी. फोनमध्ये मात्र पाण्याचा आवाज. आता तरी त्या रात्रीचं खरं बोलायचं. पण जीभ वळली नाही.

"को... कोरडं हाय."



"बरं. मग तू पण झोप."

पहाटे हिरामणनं माझं दार वाजवलं. अंगभर ओली वाळू. उंबऱ्यावर बसून सगळं कबूल केलं. मी त्याच्या घरात गेलो. चारी भिंतींवर, आतून, गढूळ रेघ. पूर ओसरल्यावर राहते तशी. खाटेच्या हातभर वर. आणि घर नदीपासून तीनशे फूट उंच.

हिरामण लेकीकडे मनमाडला गेला, तो आलाच नाही. भिंतींना मी माझ्या हातानं दोनदा चुना दिला.

आज दुपारी कुलूप उघडून पाहिलं. रेघ आहे. बोट लावलं...

ओली आहे.